खोटे कोणाच्या नावे?

खोटे बोलणे हा पूर्वी मेहनतीचा उद्योग होता. एक तर ते स्वतःच्या तोंडाने बोलावे लागे. दुसरे म्हणजे ऐकणारा समोर उभा असे आणि आपल्या डोळ्यांत बघत असे. आणि तिसरे, काल कोणाला काय सांगितले ते आज लक्षात ठेवावे लागे. या तीन अडचणींपायी कितीतरी माणसे निव्वळ आळसाने सत्यवचनी राहिली. आमच्या नात्यातल्या एका आजोबांना काही म्हणजे काही आठवत नसे. खोटे बोलणे आपल्याला परवडायचे नाही, हे त्यांनी तरुणपणीच ओळखले. ते जन्मभर खरे बोलले आणि त्यांच्या तेराव्याला सगळ्यांनी त्यांची तुलना हरिश्चंद्राशी केली. हरिश्चंद्राची स्मरणशक्ती कशी होती, याबद्दल पुराणे गप्प आहेत.

आता हे सगळे कष्ट वाचले. हल्ली खरे बोलायलाही यंत्र मिळते आणि खोटे बोलायलाही. मी बँकेतला कारकून, शिक्षण बी.कॉम. तत्त्वज्ञान हा काही माझा विषय नव्हे. तत्त्वज्ञानाचा आणि माझा संबंध दर महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर येतो, तोही पगार होईपर्यंत. पण नावे कोणाला आणि जमा कोणाला, असा प्रश्न निघाला की मला गप्प बसवत नाही. यंत्र खोटे बोलले तर ते पाप कोणाच्या नावे टाकायचे, हा प्रश्न मला तरी शुद्ध हिशेबाचा वाटतो.

आधी खऱ्या बोलणाऱ्या यंत्राबद्दल सांगतो. नाशकात दर बुधवारी गंगेवर बाजार भरतो. (गोदावरीला गंगा म्हणणे हा नाशिककरांचा जन्मसिद्ध हक्क आहे, उत्तरेतल्या गंगेला आम्ही काय म्हणतो ते विचारू नका.) तिथे मेथीच्या जुड्या घेऊन बसलेल्या मावशींच्या तराजूखाली पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो काळा-पांढरा चौकोन असतो आणि छत्रीच्या दांड्याला एक बोलका डबा टांगलेला असतो. गिऱ्हाईक इस्त्रीच्या शर्टातले, खिशाला पेन, चेहऱ्यावर पदवी. ते मोबाईल पुढे करून म्हणते, "मावशी, गेले बघा पैसे." मावशी मोबाईलकडे बघत नाहीत, शर्टाकडे तर मुळीच नाही. त्या डब्याकडे बघतात. डबा म्हणतो, "वीस रुपये प्राप्त झाले." मग मावशींचा हात जुडीवरून निघतो.

पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा माझ्यातला सुशिक्षित दुखावला. नंतर कळले, की खोट्या पावतीचे चित्र दाखवून भाजी उचलणारे महाभाग पेन लावूनच येतात. मावशींचे बरोबर होते. डब्याला शर्ट दिसत नाही. पैसे आले की तो आले म्हणतो, नाही आले की गप्प बसतो. रेंज गेली तर आलेल्या पैशांबद्दलही गप्प बसतो, पण न आलेले आले म्हणत नाही. इतका संयम मी आमच्या शाखेतही फारसा पाहिलेला नाही.

तो काळा-पांढरा चौकोनही मूळचा सज्जन घराण्यातला. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी तो तयार केला, तो मोटारीच्या सुट्या भागांची मोजदाद चोख राहावी म्हणून. पुढे २०१६ साली आपल्याकडे यूपीआय आले आणि मोटारीच्या नट-बोल्टांसाठी जन्मलेला तो चौकोन मेथीच्या जुडीला येऊन चिकटला. त्यात कोणाचे वाईट झाले नाही.

आता या सत्यवचनी डब्याच्या चुलतभावाकडे येतो. त्याची आणि माझी गाठ आमच्या थोरल्या वहिनींच्या घरी पडली.

माझे थोरले बंधू सातपूरच्या एका कारखान्यात होते. कारखान्याने आपली यंत्रे दुसऱ्या राज्यात हलवली. बंधू हलवण्यासारखे नसल्यामुळे त्यांना वयाच्या चौपन्नाव्या वर्षी एक रक्कम आणि एक भिंतीवरचे घड्याळ देऊन घरी पाठवले. रक्कम त्यांनी आमच्याच शाखेत ठेवली. तो महिना ठेवींच्या उद्दिष्टाचा होता, त्यामुळे आमच्या साहेबांनी बंधूंच्या नोकरीबद्दलचे दुःख आणि ठेवीबद्दलचा आनंद एकाच वाक्यात व्यक्त केला. पण व्याजावर सिडकोतल्या घराचा हप्ता भागेना. मग वहिनींनी पदर खोचला.

वहिनींच्या हाताला वाळवणाची चव आहे. कुरडया, तांदळाच्या फेण्या आणि विशेषतः नागलीचे पापड. नागली म्हणजे नाचणी. आमच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात ती पिकते आणि तिचा पापड तळला की चॉकलेटच्या रंगाचा होतो, त्यामुळे तो नातवंडांना न फसवता खाऊ घालता येतो. इतकी वर्षे हे पापड नातेवाईक फुकट नेत आणि वर मीठ जास्त झाल्याचे कळवत. आता ते विकायचे ठरले. पुतण्या संगणकाचा पदवीधर, नोकरीला पुण्यात. त्याने दोन रविवारांत आईला ऑनलाइन दुकान थाटून दिले.

या दुकानाला शटर नाही, गल्ला नाही आणि समोर बसणारे कुत्रेही नाही. दरमहा भाडे मात्र आहे, ते सॉफ्टवेअरचे. त्यात मालाचे फोटो लावता येतात. गिऱ्हाईक बोट लावते, पैसे बँकेत येतात, वहिनींच्या फोनमध्ये टिंग वाजते. एक छोटा छपाईयंत्राचा ठोकळा शाई नसताना पत्त्याची चिठ्ठी छापतो. संध्याकाळी कुरिअरचा मुलगा येऊन खोके नेतो. नंतर ते खोके कुठे पोचले तेही फोनवर दिसते. सुरुवातीला वहिनी रात्री उठून बघत. भिवंडीला एक खोके दोन दिवस अडकले तेव्हा त्यांनी गुरुवारचा उपास धरला होता.

या धंद्यात वजनाचेही एक तत्त्वज्ञान आहे. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारमानाचे वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणायची आणि सर्वसाधारणपणे पाच हजारांनी भागायची. दोन किलो कुरडया तीस-तीस-तीसच्या खोक्यात घातल्या, की उत्तर येते पाच किलो चारशे ग्रॅम. म्हणजे वरचे तीन किलो चारशे ग्रॅम ही नाशिकची शुद्ध हवा. ती आम्ही पैसे भरून मुंबईला पाठवतो. मुंबईची गरज पाहता ही समाजसेवाच म्हणायची.

पुतण्या शनिवार-रविवार येऊन दुकानाचे 'बॅकएंड' सांभाळतो. वहिनींच्या समजुतीने बॅकएंड म्हणजे मागची गच्ची, जिथे पापड वाळतात. मला विचाराल तर वहिनींचेच बरोबर आहे.

तर अशाच एका शनिवारी रात्री दहाच्या सुमारास पुतण्याने मला दुकान दाखवले. नागलीच्या पापडांचा फोटो फारच नामी आला होता. त्याखाली तांबड्या अक्षरांत लिहिले होते : 'त्वरा करा! फक्त ३ शिल्लक.' आणि त्याखाली : 'आत्ता १७ जण हे पाहत आहेत.'

मी मान वर केली. वहिनींच्या मागे पत्र्याचे चार मोठे डबे उभे होते, गळ्यापर्यंत पापडांनी भरलेले. एक तर झाकण लागत नव्हते म्हणून वर पाटा ठेवला होता.

"अरे, हे तीनच कसे?" मी विचारले.

"ते ॲप आपोआप दाखवतं, काका."

"आणि हे सतरा जण कोण?"

"सतरा जण नाहीत. दहा आणि वीसच्या मधला कुठलाही आकडा येतो. बघा, आता चौदा झाले."

"तीन जण गेले कुठे?"

"काका, ते नव्हतेच."

"मग हे करायचं ठरवलं कोणी?"

"कोणीच नाही. दुकानाचा तयार साचा मिळतो ना, त्यात ते चालूच असतं."

मी थक्क झालो. धूर दिसला की डोंगरावर अग्नी आहे असे समजावे, हे आपल्या नैयायिकांनी शिकवून ठेवले. इथे धूर ढळढळीत दिसत होता, पण अग्नीच्या जागी कोणी नाही! धडधडीत खोटे समोर होते आणि ते बोललेला माणूस सापडत नव्हता. साचा बनवणारा परदेशात, त्याने नागलीचे नावही ऐकलेले नाही. पुतण्याने ते चालू केले नव्हते, फक्त बंद केले नव्हते. वहिनींना तर ती तांबडी अक्षरे म्हणजे दुकानाची रांगोळी वाटत होती.

पुतण्याकडे युक्तिवादही होता. तो म्हणाला, "काका, तुमच्या लहानपणी मेन रोडला कापडदुकानांवर 'शेवटचे तीन दिवस' अशा पाट्या नव्हत्या का?"

होत्या. एक पाटी तर मी आईच्या कडेवरून वाचायला शिकलो. ती मी पदवीधर झालो तरी तिथेच होती. पुढे दुकान खरोखरच बंद पडले आणि पाटी खरी ठरली. म्हणजे ते खोटे नव्हते, फार लवकर बोललेले खरे होते, असेही कोणी म्हणेल. पण त्या दुकानदाराचे आणि या ॲपचे एक होणे नाही. दुकानदार पाटीखाली स्वतः बसत असे. आई त्याला विचारी, "काय हो, मागच्या दिवाळीलाही शेवटचे तीनच दिवस होते ना?" त्यावर त्याचे कान तांबडे होत आणि तो मुकाट्याने पाच रुपये कमी करी. ते तांबडे कान म्हणजे त्या काळचे ग्राहक संरक्षण. शिवाय रात्री तो दुकान बंद करी, तेव्हा त्याचे खोटेही निजत असे. ॲपला कान नाहीत आणि झोपही नाही. ते एकाच वेळी अकोल्याला आणि अटलांटाला, प्रत्येकाच्या कानात स्वतंत्रपणे, तीच बातमी सांगत बसते. त्याला थांबवणारी लाज कोणीतरी बाहेरून पुरवावी लागते.

खरे म्हणजे या बाबतीत नाशिककरांनी जगाला शिकवायला हवे. ऑनलाइन फसवणुकीचे सगळे प्रकार आमच्या पंचवटीत रामायणकाळीच होऊन गेले. एकच नग, सोन्याचा, आत्ता घेतला नाही तर पळून जाईल, असा माल सीतामाईंना इथेच दाखवला गेला. आवाज रामाचा आणि तोंड मारीचाचे, हा प्रकारही त्याच दुपारचा. पाठोपाठ साधूच्या वेशात खोटी ओळख घेऊन गृहस्थ दारात हजर. तिन्ही प्रकारांत एकच युक्ती होती : विचार करायला वेळ द्यायचा नाही.

सरकारने या युक्तीची दखल जरा उशिरा घेतली, पण घेतली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. हा शब्द हॅरी ब्रिग्नल नावाच्या एका इंग्रज तज्ज्ञाने २०१० साली रूढ केला. सरकारी यादीत असे तेरा प्रकार आहेत आणि त्यांत पहिलाच मान 'खोट्या घाई'ला आहे. दुसरा प्रकार न विचारता टोपलीत वस्तू सरकवण्याचा. तिकीट काढताना दानाचे पैसे परस्पर जोडणे वगैरे यात येते. (रामकुंडावर दक्षिणा निदान आधी ठरवतात.) आणखी एक प्रकार गिऱ्हाइकाला लाजवण्याचा. विमा नको म्हणायचे असेल तर 'मी असुरक्षित राहीन' या बटणावर बोट लावायला लावायचे. आमच्याकडे हे काम घरोघर फिरणारा विमा एजंट करी, पण तो निदान चहा पिऊन आपलाही वेळ घालवी. ही तत्त्वे मोठ्या बाजारपेठांना आहेत तशी विक्रेत्यांनाही आहेत. म्हणजे आमच्या वहिनींनाही.

मी हे सगळे पुतण्याला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "काका, मोठमोठे लोक सर्रास करतात. ती ओळ काढली तर ऑर्डरी कमी होतील. मग घराचा हप्ता हरिश्चंद्र भरणार का?"

या प्रश्नाला मी बँकेतला माणूस हसू शकत नाही. हप्ता ही फार थोर गोष्ट आहे. हरिश्चंद्राच्या सत्याचे आपण गोडवे गातो, पण त्यापायी तारामती आणि रोहिदास विकले गेले, हे त्या दोघांना कसे वाटले असेल याची चौकशी कोणी केली नाही. इथे बंधू कोपऱ्यात बसून पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. चौतीस वर्षे यंत्रावर घालवलेला माणूस चिठ्ठी सरळ लागावी म्हणून पट्टी घेऊन बसला होता. सत्य मोठे की तो हप्ता, असे त्यांच्यादेखत विचारायची माझी तरी छाती झाली नाही. मी चहा घेऊन घरी आलो.

प्रश्न सोडवला तो एका फोनने. पंधरा दिवसांनी पुण्याहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा वहिनींना फोन आला. बाई अगदी हरखून गेल्या होत्या. "मी पेन्शन झाल्यावर मागवणार होते हो. पण बघते तर तीनच पुडे राहिलेले, आणि चौदा-पंधरा जण टपलेले! मग शेजारणीकडून उसने घेतले आणि तिन्ही पुडे मीच उचलले. लेक जर्मनीला जाईल तेव्हा तिच्याबरोबर द्यायचेत. मिळाले बाई मला! देव तुमचं भलं करो."

वहिनींनी लगेच मला बोलावून घेतले. एवढ्या अस्वस्थ त्या कारखाना बंद झाला तेव्हाही नव्हत्या. "भाऊजी, त्या बाईंनी शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. त्यांनी आभार मानले हो! आणि त्यांनी तिन्ही नेल्यावरही आपल्याकडे तीनच शिल्लक. ही काय द्रौपदीची थाळी आहे का?"

"पण वहिनी, तुम्ही कुठे काही बोललात? ते ॲप बोललं." मी त्यांच्या मनाला आराम पडावा म्हणून म्हणालो.

"बाईंनी ॲपला कुठे फोन केला? मला केला."

बी.कॉम.च्या तीन वर्षांत इतके स्पष्ट मला कोणी शिकवले नव्हते. घरी परतताना मी हा हिशेब मांडून पाहिला आणि तो बरोबर जुळला.

पहिली गोष्ट आमच्या बँकेतली. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला "सिस्टीम घेत नाही" किंवा "सिस्टीमने कापले" असे सांगायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी याच जागी "साहेब नाहीत" असे वाक्य होते. पण हे झाले काउंटरच्या या बाजूचे. आतल्या बाजूला सिस्टीम स्वतः होऊन काही करते, असे ऑडिटर मानत नाही. नोंद करणारा एक, ती तपासून मंजूर करणारा दुसरा, आणि दोघांचे आयडी त्या नोंदीला चिकटलेले. आपोआप पडणारे व्याजसुद्धा कोणीतरी दर भरला म्हणून पडते. ऑडिटर येतो तेव्हा यंत्राला खुर्ची देत नाही. तो विचारतो, "हा आयडी कोणाचा?"

दुसरी गोष्ट नाशिकरोडची. तिथे १९२८ पासून नोटा छापणारा छापखाना आहे. नोटेवर काय लिहिलेले असते? धारकाला इतके रुपये देण्याचे मी वचन देतो. खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही. (एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसते, कारण ती सरकार काढते आणि सही वित्त सचिवांची असते. ही माहिती लग्नाच्या पंगतीत सांगून मी अनेकांचा घास अडवला आहे.) तर हे वचन गव्हर्नर काही एकेका नोटेवर बसून लिहीत नाहीत. आमच्या नाशिकरोडची यंत्रे ते धडाधड छापतात. पण वचन यंत्राने दिले असे कोणी म्हणत नाही. उद्या कोणी नोट घेऊन छापखान्याच्या दारात गेला आणि यंत्राला म्हणाला, "दे माझे शंभर," तर त्याला बाहेरचा वॉचमन हाकलून देईल. छापले कोणी याला महत्त्व नाही, सही कोणाची ते बघायचे. आता खरे वचन यंत्राने छापले तर ते सही करणाऱ्याचे होते, मग खोटे वचन यंत्राने छापले तर ते यंत्राचे कसे होईल? वहिनींच्या दुकानावर वहिनींचे नाव आहे.

तिसरी गोष्ट धर्मराजाची. अश्वत्थामा गेला, ही बातमी मुळात त्याची नव्हे. योजना श्रीकृष्णाची, त्या नावाचा हत्ती मारला भीमाने, 'कुंजरो वा'च्या वेळी गलबलाही दुसऱ्यांनीच केला. धर्मराजाने चार शब्द उच्चारले, तेही निम्मे पुटपुटत. पण जमिनीवरून चार बोटे वर चालणारा रथ खाली आला तो त्याचाच. असे का? तर द्रोणाचार्यांनी विश्वास ठेवला तो धर्मराजाच्या पतीवर. भीम सांगून गेलाच होता, पण द्रोणांना ते पटले नव्हते. व्यापारात याला 'नावलौकिक' म्हणतात आणि ताळेबंदात तो मालमत्तेच्या बाजूला दाखवतात. ज्याचा नावलौकिक वापरून खोटे खपले, त्याच्याच खात्यातून तो कमी व्हायचा. पुण्याच्या बाईंनी परदेशातल्या साचेवाल्याच्या शब्दावर शेजारणीकडून पैसे घेतले नव्हते. वहिनींचे पापड चांगले असतात म्हणून घेतले होते.

आणि शेवटी अकरावीच्या पुस्तकातला वैयक्तिक खात्याचा नियम आहेच : लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे खाते जमा. त्या तीन पुड्यांचे पैसे कोणाच्या खात्यात आले? मग पाप नावे टाकायला दुसरे खाते शोधायचे कशाला? हा नियम शिकवताना आमचे सर "यात अपवाद नाही" असे म्हणत. ते त्यांनी फक्त परीक्षेपुरते म्हटले असेल, असे मला तेव्हा वाटले होते.

माझा हा सगळा हिशेब ऐकायला वहिनी थांबल्या नव्हत्या. त्यांनी रविवारी पुतण्याला पुढ्यात बसवून विचारले, "तुझ्या त्या ॲपला खरा आकडा दाखवता येतो का?"

"येतो की. पण रोज मोजून भरावा लागेल, आई."

"मग भरीन."

"आणि ते सतरा जण?"

"त्यांना म्हणावं घरी जा."

मग त्यांनी पुण्याच्या बाईंना फोन करून सांगितले, की पुडे तीन नव्हते, चांगले चार डबे भरून होते, नको असतील तर परत पाठवा, पैसे देते. बाई हाडाच्या शिक्षिका. त्यांनी वहिनींना दहा मिनिटे वर्गाबाहेर उभे केल्यासारखे झापले. पुडे परत पाठवले नाहीत आणि नंतर त्यांची ऑर्डरही आली नाही. वहिनी मात्र त्या रात्री गाढ झोपल्या, असे बंधू सांगतात.

ऑर्डरी कमी झाल्या का? झाल्या. पुतण्या म्हणाला होता तशाच झाल्या. दोन महिने हप्ता भरताना ठेवीच्या व्याजाला हात लावावा लागला, हे मला पासबुकातच दिसले. पुढे श्रावण लागला तशी विक्री थोडी वर सरकली. ती खऱ्यामुळे सरकली की उपासतापासामुळे, हे सांगणारे सॉफ्टवेअर अजून निघालेले नाही. पहिल्याइतकी ती झालेली नाही. सत्याचा विजय होतो हे वाक्य मला आवडते, पण तो कोणत्या तिमाहीत होतो हे कोणी छापून ठेवलेले नाही.

आता वहिनींच्या दुकानात लिहिलेले असते, '४२ पुडे शिल्लक'. कधी लिहिलेले असते, 'संपले. ऊन पडले की पुढची खेप'. त्यासाठी वहिनी रोज रात्री दहाला चष्मा लावून डबे मोजतात, बंधू वहीत आकडा लिहितात आणि मग तो फोनमध्ये भरतात. पूर्वी खोट्याला कष्ट पडत आणि खरे फुकटात होई. आता खोटे साच्याबरोबर फुकट मिळते आणि खऱ्यासाठी रोज पाऊण तास डबे मोजावे लागतात. परवा एक पुडा कमी भरला म्हणून दोघांनी मिळून चारही डबे पुन्हा ओतले. तो बंधूंनी दुपारी तळून खाल्ला होता.

माझी अशी समजूत आहे, की एव्हाना वर चित्रगुप्ताच्या दप्तराचेही संगणकीकरण झाले असावे. चोपड्या जाऊन तिथेही पडदे आले असतील आणि तेही अधूनमधून बंद पडत असतील. पण नोंदीखाली आयडी असणारच. तिथे उभे राहून "महाराज, ते ॲपने आपोआप केले," असे म्हणणाऱ्यांची रांग लांब असेल. तो मान वर न करता एवढेच विचारील, "दुकान कोणाच्या नावावर होते?" आणि तिथे पासवर्ड विसरलो म्हणायची सोय असेल, असे मला वाटत नाही.